बेळगावचं गवत उन्हाळ्यात पिवळं पडू द्या

बेळगावात नवं घर बांधणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आपल्याकडं हवा थंड, पाऊस भरपूर, लॉन इंग्लंडसारखं येतंय की." नकाशा काढणारा हे सांगतो, रोपवाटिकेवाला सांगतो, शेजारी सांगतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत आलेल्या आपल्याला ते पटतंही. मग बांधकामाच्या राडारोड्यावर दोन-तीन इंच तांबडी माती पसरली जाते, पुण्याकडच्या रोपवाटिकांतून गवताचे तयार गालिचे ट्रकनं येतात आणि मालकाच्या हाती वेळापत्रक पडतं. आठवड्याला कापणी, महिन्याला युरिया, तण दिसलं की औषध, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी. माझा विरोध त्या वाक्यालाही आहे आणि या वेळापत्रकालाही. दोन्ही या भूमीच्या पावसाकडे न बघता रचलेली आहेत, आणि त्यांची किंमत घरमालकाच्या पाणीबिलापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

आधी पावसाचं बघू. लंडनमध्ये वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात सुमारे १३००. म्हणजे आपण लंडनच्या दुपटीहून अधिक भिजतो. पण लंडनचा पाऊस बारा महिन्यांत वाटलेला असतो. कोणत्याही महिन्यात ४० ते ६५ मिलिमीटर, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. बेळगावचा तीन-चतुर्थांशाहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि डिसेंबर ते मार्च आभाळातून जवळजवळ काहीच येत नाही. मधे एप्रिल-मे महिन्यात वळीव झोडपून जातो, तो एका संध्याकाळचा. इंग्लंडचं लॉन ज्यावर जगतं ते पावसाचं सातत्य आपल्याकडे कधीच नव्हतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असल्यानं इथल्या रात्री थंड असतात हे खरं. पण एप्रिलच्या दुपारी पारा ३५-३६ अंशांवर जातो आणि चार महिने कोरड्या पडलेल्या जमिनीला रात्रीच्या गारव्यानं पाणी मिळत नाही.

बेळगावच्या माणसाला खरं तर हे सांगावं लागू नये. १९२४च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा जमणाऱ्या लोकांना पाणी पुरावं म्हणून टिळकवाडीत मुद्दाम विहीर खणावी लागली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. अधिवेशन भरलं तेव्हा पावसाळा संपून तीन महिनेही उलटले नव्हते. आज शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी येतं, आणि पाऊस ओढ धरतो त्या वर्षी जून उजाडेपर्यंत सगळ्यांच्या नजरा राकसकोपच्या पातळीवर लागलेल्या असतात. २०२३ साली मान्सून तोकडा पडला आणि सप्टेंबरात कर्नाटक सरकारला राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर करावे लागले. भरपूर पावसाचा प्रदेश म्हणून ज्याच्या भरवशावर आपण गालिचे अंथरतो, तो हाच प्रदेश.

याच जिल्ह्यातल्या निपाणीकडची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथल्या शेतकऱ्यानं आपलं मुख्य पीक पाऊस ओसरण्यावर बसवलं. विडीचा तंबाखू ऑगस्ट-सप्टेंबरात लावायचा, पावसानं पाठ फिरवली की काळ्या रानातल्या ओलीवर वाढवायचा आणि थंडी सरता सरता काढायचा. जमीन कधी ओली, कधी कोरडी, ओल किती खोल राहते आणि किती दिवस पुरते, हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हातानं जोखलं, त्यांच्याच गावालगतच्या नव्या वसाहतीत आता बाराही महिने हिरवं राहायलाच हवं असं गवत लावलं जातं आहे.

आता मुद्दा गवताचा, आणि इथं लॉनवाल्यांचं वेळापत्रक मुळातच उलटं आहे.

इंग्लंडची लॉनं राय, फेस्क्यू, बेंट अशा थंड हवेच्या गवतांची. १५ ते २४ अंशांत ती जोमानं वाढतात. आपल्याकडे लावली जाते ती हरळी, तिच्यातूनच निवडलेले वाण, नाहीतर मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून विकलं जाणारं गवत. ही सगळी उष्ण हवेची गवतं. त्यांना २७ ते ३५ अंशांची ऊब लागते, आणि हरळीला तर सर्वांत जास्त हवं असतं ते ऊन. सावलीत ती विरळ होते, लांबटते, फिकट पडते. बेळगावचा आषाढ डोळ्यांपुढे आणा. दिवसचे दिवस झड, आभाळ उतरलेलं, दुपारी बारालाही घरात दिवा लावावा असा उजेड. 'थंड आणि पावसाळी' म्हणून ज्या दिवसांचं कौतुक होतं, त्या दिवसांत हरळीची अन्न तयार करण्याची ताकद सगळ्यांत कमी असते. ती उंच वाढलेली दिसते, कारण ती उजेड शोधत असते. नेमक्या त्याच वेळी वेळापत्रक सांगतं, दर आठवड्याला तळापर्यंत कापा, कारण पावसाळ्यात गवत फार माजतं.

असं कापलं की पुढं काय होतं ते कोणत्याही कंपाउंडात श्रावणापर्यंत दिसतं. पातीच उरत नाही, मुळं आखडतात, उघड्या पडलेल्या मातीवर शेवाळ चढतं, बुरशीचे तपकिरी चट्टे उमटतात. ओल्या जमिनीवर मशीन आणि माणसं फिरल्यानं माती दबते, तिच्यातली हवा जाते आणि पाणी वरच साचून राहतं. बेळगावच्या तांबड्या, मुरमाड जमिनीतून पाणी निदान निचरून तरी जातं. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत ते दिवसचे दिवस ठरतं. मग लॉनवाला म्हणतो, खत कमी पडलं. युरियाची मूठ पडते. ऐन झडीत टाकलेल्या युरियातला नत्र पिण्याच्या स्थितीत ते गवत नसतंच. तो पहिल्याच सरीनं गटारात, गटारातून नाल्यात जातो. बेळगावचं पाणी ज्या बळ्ळारी नाल्यातून वाहतं, त्याच्या काठी शहापूर-वडगाव शिवारातली भातशेती आहे. एकेकाळी बेळगाव बासमतीसाठी नाव असलेल्या त्या शिवारातले शेतकरी नाल्याच्या पुरानं आणि घाणीनं आधीच बेजार आहेत. त्यांच्या डोक्यावर आपल्या अंगणातलं खत कशाला?

हरळी खरी फोफावते ती उत्तरा-हस्ताच्या सुमाराला. हत्तीचा पाऊस पडून जातो, मधेच कडक ऊन पडतं, जमीन आतून गच्च ओली असते. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा या गवताचा खरा हंगाम. कुजलेलं शेणखत चाळून पातळ थरानं द्यायचं ते तेव्हा. दबलेल्या जागी पहारीनं भोकं पाडून वाळूमिश्रित माती भरायची तीही तेव्हा. नियमित कापणीही तेव्हाच शोभते, आणि तीसुद्धा एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त नाही. तरण्या पावसापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत गवताला हात लावायचा तो फक्त उघडीप मिळाली तर, पाती कोरडी असतील तर, आणि उंची चार-पाच सेंटिमीटरच्या खाली न जाऊ देता. या चार ओळींत पावसाळ्यातली सगळी निगा आली. यासाठी कुणाला महिन्याचा करार द्यावा लागत नाही, म्हणून कदाचित ती कुणी सांगत नाही.

उंच गवतात साप येतो, असा आक्षेप लगेच घेतला जातो. नाग-घोणशींचा हा मुलूख आहे आणि ही भीती खोटी नाही. पण चार-पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंचही नाही. त्यात साप दडत नाही. साप दडतो तो विटांच्या ढिगात, पाइपांच्या चळतीत, उंदीर वावरतात तिथं. घरालगतची पट्टी आणि जाण्या-येण्याची वाट मोकळी ठेवा, ढीग उचला. त्यासाठी सगळं गवत खरवडायची गरज नाही.

तणनाशकाबद्दल मला अधिक कडक बोलायचं आहे. रुंद पानांचं तण मारायला सर्रास वापरलं जाणारं टू-फोर-डी हे औषध गवताला सोडून बाकी सगळ्याला मारतं, म्हणून ते लॉनवाल्यांचं लाडकं. ज्या पिकांना त्याच्या नुसत्या वाऱ्यावरच्या फवाऱ्यानं इजा होते, त्यांत तंबाखू, कापूस, द्राक्ष आणि टोमॅटो येतात. पानं वळतात, झाड वेडंवाकडं होतं. निपाणीच्या परिसरात, जिथं वसाहतीच्या कुंपणापलीकडे तंबाखूचं रान सुरू होतं, तिथं शोभेच्या गवतासाठी हे औषध मारणं हा शेजारधर्माचा उघड भंग आहे. शिवाय मारतो काय आपण? केना, आंबोशी, टाकळा, घोळ. आणि तेरडा. या भागात कितीतरी घरांत तेरड्याची गौर आणली जाते. भाद्रपदात ती बाजारातून विकत आणायची आणि आपल्याच कुंपणाकडेला उगवलेला तेरडा आषाढात औषध मारून जाळायचा, हे कुठल्या सौंदर्यदृष्टीत बसतं? ज्या हरळीवर औषध पडलं, तिच्या दूर्वा खुडून गणपतीला वाहायला आपलं मन धजेल का?

गाजरगवत उपटायलाच हवं, फुलावर येण्याआधी, मुळासकट; त्यात दुमत नाही. लव्हाळा चिवट आहे, नुसता ओढला तर गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतो. तो खुरप्यानं खोदून काढावा लागतो. त्यासाठी भांगलण जाणणाऱ्या बाया आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक गावात आहेत. औषधाच्या बाटलीवर घालवलेला पैसा त्यांच्या रोजगाराला गेला तर जमीन वाचते आणि काम अधिक चांगलं होतं. बाकीचं 'तण' म्हणजे पावसाळ्यात आपसूक येणारी आणि आपसूक जाणारी झाडं. त्यांना राहू द्या.

आता पाणी. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात हिरवं लॉन रोज निदान पाच मिलिमीटर पाणी उडवून टाकतं. एक गुंठा म्हणजे जवळपास शंभर चौरस मीटर. म्हणजे गुंठाभर लॉन हिरवं ठेवायला रोज पाचशे लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. खेड्यात जलजीवन मिशनचा निकष ५५ लिटरचा. एक गुंठा गवत शहरातल्या पावणेचार माणसांचं, खेड्यातल्या नऊ माणसांचं पाणी पितं. हे पाणी बोअरचं आहे, स्वतःच्या जागेतलं आहे, असं म्हणून सुटका होत नाही. जमिनीखालचं पाणी कंपाउंडाच्या भिंतीपाशी थांबत नाही. तुमची मोटर चालते तेव्हा शेजारच्या विहिरीची पातळी उतरते. आणि लग्नसराईत कार्यालयांची लॉनं हिरवी ठेवायला टँकर धावतात, ते कुठल्या तरी शिवारातल्या विहिरीवरच भरलेले असतात.

एवढं पाणी गवताला खरंच लागतं का? इथल्या शेतकऱ्याला विचारा. हरळी-कुंदा हे त्याचे पिढीजात वैरी. चैत्र-वैशाखात तो रान नांगरून ढेकळं उन्हात तापत ठेवतो, काशा वेचून बांधावर टाकतो, तरी मृगाच्या सरीला हरळी पुन्हा डोकं काढते. इतक्या छळातून जगणारं गवत आठवडाभर पाणी मिळालं नाही तर मरेल, या भीतीनं आपण रोज सकाळी नळी धरून उभे राहतो. टिळकवाडीत माळीकामात केस पांढरे केलेल्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं, "हरळी मरत न्हाई हो, नुसती निजत्या." वनस्पतिशास्त्र वेगळं काही सांगत नाही. वरची पाती वाळतात, जमिनीतल्या काशा आपला साठा राखून जिवंत राहतात, आणि पहिल्या दमदार वळवानंतर आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात. कॅम्पातली मोकळी मैदानं दर वर्षी मार्चमध्ये पिवळी पडतात आणि जूनमध्ये हिरवी होतात. पाणी न घालता. दोन-तीन इंच मातीवर अंथरलेल्या गालिच्याला मात्र ते जमत नाही, कारण खाली राडारोडा असल्यानं मुळं खोल जाऊच शकत नाहीत. म्हणजे रोज पाण्याची गरज गवताची नव्हती. ते ज्या पद्धतीनं लावलं गेलं, त्या पद्धतीची होती. गवत लावायचंच तर निदान फूटभर माती भुसभुशीत करा आणि मृग लागला की हरळीच्या काड्या टोचा. दसऱ्यापर्यंत जमीन झाकली जाते.

वाळलेलं गवत म्हणजे हलगर्जीपणा, पाहुण्यांपुढे लाज, असं म्हणणाऱ्यांनी ज्या देशाचं नाव ते घेतात त्याच्याकडे तरी बघावं. गवत कापण्याचं यंत्र १८३० साली इंग्लंडातच एडविन बडिंग यानं काढलं. गुळगुळीत लॉनचा सोस घरोघरी पोचला तो त्यानंतर. त्याच सुमाराला, १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतरच्या काळात, इथं छावणी वसली आणि बंगल्यांपुढे लॉन आलं. त्यांना मायदेश आठवत होता, हे समजण्यासारखं आहे. पण २०२२च्या उन्हाळ्यात खुद्द इंग्लंडात दुष्काळ पडला, लंडनच्या बागा पिवळ्या पडल्या, अनेक भागांत नळीनं पाणी घालायला बंदी आली. आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसारखी जुनी संस्था लोकांना सांगत होती, लॉनला पाणी घालू नका, पावसानं ते परत येईल. कॅलिफोर्नियात २०१५ साली गव्हर्नरनं शहरी पाणीवापर २५ टक्के घटवण्याचा हुकूम काढला आणि लॉनं काढण्याचा कार्यक्रम त्यातच होता. नेवाडानं २०२१ साली लास वेगासच्या परिसरातलं निव्वळ शोभेचं गवत हटवण्याचा कायदा केला. ज्यांची नक्कल आपण करतो त्यांनी पिवळं गवत मान्य केलं. आपण मात्र अजून टँकर बोलावतो.

दुसऱ्या टोकाचे लोक मला या वादात आपल्या बाजूचा समजतील, म्हणून त्यांनाही उत्तर देणं भाग आहे. लॉन नको, कटकट नको, सगळीकडे पेव्हर बसवा किंवा प्लॅस्टिकची हिरवळ अंथरा, असं ते म्हणतात. हा उपाय रोगाहून वाईट. बेळगावच्या मुसळधार पावसाला मुरायला उघडी जमीन हवी. अंगण फरशीनं झाकलं की ते सगळं पाणी रस्त्यावर येतं आणि सखल पेठांत शिरतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ महामार्गावर आलं, तो पूर अंगणातल्या फरशीनं आला नव्हता, हे मला कळतं. पण शहरातल्या गल्ल्यांत दर पावसाळ्यात तुंबणारं पाणी बऱ्याच अंशी आपण बंद केलेल्या जमिनीचं आहे. प्लॅस्टिकची हिरवळ तर उन्हात पाय ठेवू नये इतकी तापते, आणि काही वर्षांनी फाटली की कचरा होते. गवत हवंच. मुलांना खेळायला, मातीची धूप थांबवायला, पाणी मुरायला त्याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही. माझं भांडण गवताशी नाहीच. त्याला बारा महिने हिरवं राहण्याची सक्ती करणाऱ्यांशी आहे.

रस्त्याच्या दुभाजकांतल्या हातभर रुंद लॉनचं समर्थन मात्र कुठल्याच बाजूनं होऊ शकत नाही. तिथं कुणी बसत नाही, कुणी खेळत नाही, पाणी मुरायला जागा नाही. भर उन्हाळ्यात टँकरनं दिलेलं पाणी अर्धंअधिक डांबरावर वाहतं. बेळगाव २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हापासून सुशोभीकरण हा शब्द कानांवर सतत पडतो. त्या पट्ट्यांत करवंद, अडुळसा, कोरांटी यांसारखी इथलीच, कमी पाण्यावर तगणारी झुडपं लावली तर काय बिघडेल?

ज्यांना उन्हाळ्यातही घरापुढे थोडी हिरवळ हवी, त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही. फक्त तिचं माप पाण्यावरून ठरवावं. चार माणसांच्या घरात आंघोळीचं आणि कपडे विसळल्याचं दोनशे लिटर तरी पाणी रोज मोरीतून जातं. साबणाचा पहिला फेस वगळून ते गाळून गवताला वळवलं, तर एप्रिलात चाळीस चौरस मीटर, म्हणजे सव्वाचारशे चौरस फूट गवत त्यावर हिरवं राहू शकतं. आरामखुर्ची टाकायला, लहान मूल रांगायला तेवढं पुरतं. त्यापलीकडच्या गवताला फेब्रुवारी लागला की पाणी बंद करावं, मे अखेरीपर्यंत त्यावर मशीन फिरवू नये, आणि ते पिवळं दिसलं म्हणून कुणी हटकलं तर इथला पाऊस जूनमध्ये येतो एवढं त्याला सांगावं.